किल्ल्या सांभाळणारे शहर

३१ जुलै २०२४ रोजी नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजेच एनपीसीआय, या संस्थेने एक छोटेसे निवेदन प्रसिद्ध केले. सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या काही संगणकप्रणालींवर रॅन्समवेअरचा, म्हणजे माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला असण्याची शक्यता आहे आणि खबरदारी म्हणून या कंपनीला देशाच्या किरकोळ देयक व्यवस्थेपासून तात्पुरते तोडण्यात आले आहे, असा त्याचा आशय होता. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस आणि भारतीय स्टेट बँक यांच्या भागीदारीतील या कंपनीचे नाव बहुतेकांनी त्या दिवशी प्रथमच ऐकले असेल. मात्र देशातील सुमारे ३०० लहान बँकांचा, म्हणजे मुख्यतः सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांचा, दैनंदिन व्यवहार तिच्याच प्रणालींवर चालत होता. त्या बँकांच्या खातेदारांचे यूपीआय थांबले, एटीएममधून पैसे मिळेनात. देशभरातील एकूण देयकांच्या मानाने हा वाटा जेमतेम अर्ध्या टक्क्याचा होता, असे तेव्हा सांगण्यात आले. हे खरेच असावे. परंतु ज्याचे एकुलते एक खाते तालुक्याच्या सहकारी बँकेत आहे, त्याच्या दृष्टीने तो अर्धा टक्का शंभर टक्के असतो.

पुढच्या काही दिवसांत या घटनेची उकल करणारे एक टिपण बेंगळुरूतून आले. क्लाउडसेक या तेथील सायबर सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी मांडलेला माग असा होता: हल्ल्याची सुरुवात कोणत्याही बँकेत झालेली नव्हती, सी-एजमध्येही नव्हती. ती झाली होती ब्रॉन्टू टेक्नॉलॉजी सोल्यूशन्स या, सी-एजला सेवा पुरवणाऱ्या आणखी एका कंपनीत. तेथील जेन्किन्सचा एक सर्व्हर नीट बंदिस्त केलेला नव्हता. हल्लेखोर तेथून आत शिरले आणि मग रॅन्समएक्स या टोळीचे खंडणीचे हत्यार पुढे सरकले. खातेदाराचा करार बँकेशी, बँकेचा सी-एजशी आणि सी-एजचा ब्रॉन्टूशी. ज्याची दारे उघडी राहिली त्याचे नावही ज्याचे पैसे अडकले त्याला ठाऊक नव्हते.

जेन्किन्स हे काय प्रकरण आहे, ते थोडे सांगणे भाग आहे. प्रोग्रामर जो मजकूर लिहितात, तो थेट ग्राहकाच्या यंत्रावर जात नाही. तो गोळा करायचा, त्याला इतरांनी लिहिलेले तयार भाग जोडायचे, चाचण्या घ्यायच्या आणि सगळ्याची मिळून एक चालती वस्तू बनवून रवाना करायची, हे काम जेन्किन्ससारखी साधने आपोआप करतात. सॉफ्टवेअरच्या कारखान्यातला हा जुळणी-विभाग होय. साहजिकच कारखान्यातल्या बहुतेक कोठारांच्या किल्ल्या तेथे टांगलेल्या असतात. २०२४ च्या जानेवारीत जेन्किन्समध्ये एक गंभीर उणीव उघड झाली होती. सर्व्हरवरच्या फायली बाहेरच्या माणसाला परस्पर वाचता येतील, अशी ती उणीव होती. ती दुरुस्त करणारी आवृत्तीही त्याच वेळी उपलब्ध झाली होती. क्लाउडसेकच्या मते हल्लेखोरांनी वापरली ती हीच उणीव. औषध बाजारात येऊन सहा महिने झाले होते.

सॉफ्टवेअरच्या पुरवठा साखळीवरचा हल्ला म्हणतात तो हा. ज्याला लुटायचे त्याच्या दारावर धडक न मारता, ज्याच्यावर त्याने विश्वास टाकला आहे त्याच्या हातून आत जायचे. ही कल्पना नवी नाही. युनिक्स या संगणकप्रणालीचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दिलेले व्याख्यान ऑगस्ट १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात त्यांनी एक अस्वस्थ करणारा प्रयोग सांगितला होता. माणसाने लिहिलेल्या मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला कंपायलर म्हणतात. या कंपायलरमध्येच चोरवाट पेरली आणि पुढचे कंपायलर तयार करतानाही ती त्यांत उतरत राहील अशी व्यवस्था केली, तर मूळ मजकूर कितीही बारकाईने वाचला तरी चोरवाट सापडणार नाही. जो प्रोग्राम तुम्ही स्वतः संपूर्ण लिहिला नाही, त्याच्यावर पूर्ण विश्वास टाकता येत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता या वर्षांचा योगायोग पाहा. थॉम्प्सन हा इशारा देत होते, नेमक्या त्याच काळात बेंगळुरू हे शहर दुसऱ्यांसाठी प्रोग्राम लिहिण्याचा व्यवसाय मांडत होते. शहराच्या दक्षिणेला कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांच्या जमिनीवर इलेक्ट्रॉनिक सिटीची आखणी १९७८ मध्ये झाली होती. १९८१ साली पुण्यात स्थापन झालेली इन्फोसिस १९८३ मध्ये बेंगळुरूला गेली, कारण तिचा ग्राहक मायको तेथे होता. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने आपले केंद्र तेथे उघडले आणि उपग्रहाच्या दुव्याने ते परदेशातील आपल्या केंद्रांशी जोडले. विप्रोची कथा तर आपल्या आणखी जवळची. साने गुरुजींनी जेथे शिकवले त्या खानदेशातील अमळनेरला १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाने वनस्पती तुपाचा कारखाना निघाला. त्या लांबलचक नावाचे पुढे ‘विप्रो’ झाले. आयबीएमने १९७०च्या दशकाच्या अखेरीस भारतातून काढता पाय घेतल्यावर जी पोकळी निर्माण झाली, तिच्यात या तुपाच्या कंपनीने संगणकाच्या धंद्यात उडी घेतली आणि यथावकाश तिचे मुख्यालय बेंगळुरूच्या सर्जापूर रस्त्यावर स्थिरावले.

मग आले वाय-टू-के. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवणारे जुने प्रोग्राम २००० साल उजाडताच गोंधळतील, या भीतीने पाश्चात्त्य बँका, विमा कंपन्या आणि दुकानांच्या साखळ्या हवालदिल झाल्या. त्यांच्या लाखो ओळी वाचून दुरुस्त करण्याचे किचकट, कंटाळवाणे काम भारतीय अभियंत्यांनी अंगावर घेतले. या कामातून मिळालेल्या पैशांची चर्चा पुष्कळ होते. माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट त्या काळात हस्तांतरित झाली, ती म्हणजे प्रवेशाची परवानगी. परक्या देशातल्या बँकेने आपल्या व्यवहारांचे अंतरंग हजारो मैलांवरच्या माणसापुढे उघडे केले. ते काम नीट पार पडले म्हणून पुढची कामे आली, दूरस्थ देखभाल आली, रात्रपाळीचे मदतकक्ष आले. हे शहर किल्ल्या सांभाळणारे झाले ते असे. आणि ज्याच्याजवळ शंभर घरांच्या किल्ल्या, त्याच्या घरावर चोराची नजर जाणारच.

भारतात याचा पहिला मोठा धडा मिळाला तो २०१६ मध्ये. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात देशातील सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले. स्टेट बँकेने आपली सुमारे ६ लाख कार्डे बंद केली. बँकांपुढे रांगा लागल्या, पिन बदलण्याचे संदेश फिरू लागले. मूळ शोधताना संशयाची सुई बँकांवरून सरकत गेली आणि एटीएमचे जाळे चालवणाऱ्या हिताची पेमेंट सर्व्हिसेस या सेवापुरवठादार कंपनीवर स्थिरावली. तपासाचे काम सिसा इन्फर्मेशन सिक्युरिटी या बेंगळुरूच्याच कंपनीकडे होते. फेब्रुवारी २०१७ मध्ये हिताचीने मान्य केले, की २०१६ च्या मध्यास आपल्या प्रणालीत एक अतिशय कुशल दुष्ट प्रोग्राम शिरला होता. त्याने आपल्या खुणा पुसत काम केले होते, त्यामुळे नेमकी किती माहिती बाहेर गेली, हे सांगणेच अशक्य झाले होते. प्रत्यक्ष चोरीची रक्कम सुमारे १.३ कोटी रुपयांची आणि तक्रारदार ग्राहक ६४१. आकडा लहान वाटेल, परंतु सामान्य माणसाच्या हातातले कार्ड त्याच्या बँकेच्या चुकीशिवायही निकामी होऊ शकते, हे तेव्हा प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर दिसले. शिरकाव आणि कबुली यांच्यात अर्ध्या वर्षाहून अधिक काळ गेला, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

(पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये ९४ कोटींहून अधिक रुपये गेले, ते येथे अनेकांना आठवेल. तो हल्ला मात्र बँकेच्या स्वतःच्या व्यवस्थेवर झाला होता. त्याची जात वेगळी, म्हणून येथे केवळ उल्लेख.)

बेंगळुरूच्या दृष्टीने कसोटीचा क्षण आला एप्रिल २०१९ मध्ये. १५ एप्रिलला अमेरिकी पत्रकार ब्रायन क्रेब्झ यांनी लिहिले, की विप्रोच्या जाळ्यात हल्लेखोर शिरले आहेत आणि तेथून ते कंपनीच्या किमान डझनभर ग्राहकांच्या प्रणालींकडे हात पसरत आहेत. शिरकावाची पद्धत अगदी साधी होती. कर्मचाऱ्यांना फसवे ईमेल आले आणि काहींनी त्यांवर विश्वास ठेवला. नंतर वापरलेले साधनही चोरबाजारातले नव्हते. स्क्रीनकनेक्ट नावाचे, दुसऱ्याच्या संगणकावर दुरून काम करू देणारे, राजरोस विकले जाणारे सॉफ्टवेअर विप्रोच्या शंभरहून अधिक संगणकांवर पेरले गेले होते, असे क्रेब्झ यांनी पुढे लिहिले. मदतकक्षाचा अभियंता रोज जे साधन वापरतो तेच चोराच्या हाती आले, तर पहारेकऱ्याला संशय तरी कशाचा यावा? ग्राहकाच्या पहाऱ्याच्या नोंदीत दिसणार काय, तर विप्रोचा माणूस नेहमीप्रमाणे कामावर आला आहे.

या टोळीचा हेतू पुढे तपासकांनी सांगितला तो ऐकून हसावे की रडावे, कळत नाही. एवढ्या बलाढ्य कंपनीत शिरून त्यांना हवी होती ती गिफ्ट कार्डे. दुकानांची भेटकार्डे सहज रोखीत बदलता येतात, त्यांचा माग लागत नाही. म्हणजे पुरवठा साखळीतून शिरणारा दर वेळी शत्रुराष्ट्राचा हेरच असला पाहिजे, हा समजही तेव्हाच मोडायला हवा होता.

त्याहून बोलका होता तो कंपनीचा पहिला प्रतिसाद. विचारणा होऊनही सुरुवातीला स्पष्ट उत्तर आले नाही. मग काही कर्मचाऱ्यांच्या खात्यांवर फिशिंगमुळे संशयास्पद हालचाल आढळल्याचे मान्य करण्यात आले. नेमके त्याच सुमारास कंपनीचे तिमाही निकाल जाहीर झाले. गुंतवणूकदारांसाठीच्या दूरध्वनी परिषदेत बातमीत चुका असल्याचे अधिकाऱ्यांनी सांगितले, तेव्हा क्रेब्झ स्वतः त्या परिषदेत ऐकत होते आणि कोणत्या चुका, हे त्यांनी तेथेच विचारले. हा प्रसंग तेव्हा चवीने चघळला गेला. मला त्यातला विनोद फारसा भावत नाही. ज्या ग्राहकांच्या दारापर्यंत हल्लेखोर पोचले होते, त्यांच्या दृष्टीने त्या दिवसांतला प्रत्येक तास मोलाचा होता. पुरवठादाराने सांगितले असते तर त्यांना त्याच्या नावाची सारी दारे तत्काळ बंद करता आली असती. पुरवठादार गप्प राहिला, की ग्राहक आंधळा होतो. आपल्या प्रतिष्ठेला जपणे आणि ग्राहकाला जपणे यांत अशा वेळी फारकत होते, आणि मोठ्या कंपन्यांचा पहिला कल कोणीकडे असतो हे दिसून येते.

पुढच्याच वर्षी सोलरविंड्स घडले आणि जगाचे डोळे उघडले. डिसेंबर २०२० मध्ये फायरआय या सुरक्षा कंपनीला स्वतःच्याच घरात चोर सापडला. माग काढता काढता ती सोलरविंड्सच्या ओरायन या सॉफ्टवेअरच्या अद्ययावत आवृत्तीपाशी पोचली. कंपनीची अधिकृत सही असलेली ती आवृत्ती सुमारे १८,००० ठिकाणी उतरवली गेली होती. हल्लेखोरांनी जुळणीच्या यंत्रात दबा धरला होता. मजकूर एकत्र करण्याच्या क्षणी ते एक फाईल गुपचूप बदलत आणि काम झाले की मूळ फाईल परत ठेवत. छत्तीस वर्षांपूर्वी थॉम्प्सन यांनी सांगितलेल्या प्रयोगाची ती जवळजवळ हुबेहूब आवृत्ती होती.

इन्फोसिसवर वेळ आली नोव्हेंबर २०२३ मध्ये, आणि तीही दूरच्या एका शाखेमार्फत. अमेरिकेतील अटलांटा येथील मॅकॅमिश सिस्टिम्स ही विमा आणि निवृत्तिवेतनाच्या योजनांचा हिशेब सांभाळणारी कंपनी २००९ मध्ये इन्फोसिसच्या बीपीओ विभागाने विकत घेतली होती. तिच्यावर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि लॉकबिट या टोळीने त्याची जबाबदारी घेतली. इन्फोसिसने शेअर बाजारांना लगेच, ३ नोव्हेंबरला, कळवले. २०१९ च्या मानाने हा फरक नोंदवण्याजोगा. परंतु कोणाकोणाची माहिती गेली हे ठरवण्यास महिने लागले. बँक ऑफ अमेरिकाच्या ५७ हजारांहून अधिक ग्राहकांना त्याची पत्रे २०२४ च्या फेब्रुवारीत गेली. हळूहळू बाधितांचा आकडा ६० लाखांच्या पुढे सरकला. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेतील दावे मिटवण्यासाठी १.७५ कोटी डॉलर देण्यावर सहमती झाली. त्या साठ लाखांपैकी कितीजणांनी बेंगळुरूचे, वा मॅकॅमिशचे, नाव आधी ऐकले असेल? सहकारी बँकेच्या आपल्या खातेदारासारखीच त्यांची अवस्था.

मग संस्थांनी करायचे काय? सरकारी उत्तरे एकामागून एक येत गेली. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढून सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे बंधनकारक केले. उद्योगांनी तेव्हा बरीच कुरकुर केली. ही मुदत जाचक आहे हे खरे, पण हिताची आणि विप्रोच्या घटना आठवल्या की ती कोठून आली हेही कळते. रिझर्व्ह बँकेचे माहिती-तंत्रज्ञान सेवा बाहेरून घेण्याविषयीचे निर्देश एप्रिल २०२३ मध्ये आले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून लागू झाले. काम बाहेर दिले तरी जबाबदारी बाहेर जात नाही, हे त्यांचे सार. २०२४ च्या ऑगस्टमध्ये सेबीने आपल्या नियमनाखालील संस्थांसाठी सायबर सुरक्षेची चौकट आणली आणि ऑक्टोबरात सर्ट-इनने सॉफ्टवेअरच्या घटकसूचीविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. अमेरिकेत सोलरविंड्सनंतर मे २०२१ च्या अध्यक्षीय आदेशाने या सूचीला बळ मिळाले होते.

घटकसूचीची कल्पना बिस्किटाच्या पुड्यावरच्या मजकुरासारखी आहे. आजचे कोणतेही सॉफ्टवेअर बहुतांशी इतरांनी लिहिलेल्या, फुकट मिळणाऱ्या भागांचे बनते. कोणता भाग, कोणती आवृत्ती, कोणाची, याची यादी वस्तूबरोबर यावी. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या छोट्या घटकात भयंकर उणीव सापडली, तेव्हा तो घटक आपल्याकडे कोठे कोठे आहे, हे शोधण्यातच कित्येक संस्थांचे आठवडे गेले. यादी असती तर ते काम तासांचे होते.

तरीही या यादीचा जो गवगवा चालला आहे, तो मला थोडा अतिरेकी वाटतो. वर सांगितलेल्या घटना त्या कसोटीवर लावून पाहा. विप्रोत चोर माणसाच्या विश्वासातून शिरला. तेथे घटकसूची काय करणार? सोलरविंड्सची सूची निर्दोष दिसली असती, कारण भेसळ जुळणीच्या क्षणी झाली. ब्रॉन्टूतला जेन्किन्स ग्राहकाला दिलेल्या वस्तूचा घटकच नव्हता. तो वस्तू बनवणारे यंत्र होता. पुड्यावर पिठाचे नाव असते, गिरणीचे नसते. म्हणून सूचीच्या जोडीला गिरणीकडेही पाहावे लागते. जुळणीचे यंत्र उघड्या इंटरनेटवर असू नये, त्याच्या दुरुस्त्या महिनोन्‌महिने लांबू नयेत. बाहेरून येणारा घटक ठरलेल्या आवृत्तीचा आहे ना, त्याची सही पडताळली आहे ना, हे यंत्रानेच दर वेळी तपासावे. पुरवठादाराच्या माणसाला दिलेला प्रवेश कामापुरता आणि वेळेपुरता असावा, काम संपले की तो आपोआप मिटावा. यातले काहीही नवे नाही. यात झगमगाटही नाही आणि म्हणूनच बहुधा त्यासाठी अंदाजपत्रकात पैसे उरत नाहीत.

आणि एक गोष्ट ३१ जुलैच्या त्या घटनेतच दडलेली आहे. एनपीसीआयने सी-एजला तोडले ते ठरवून. कोणती तार कापल्यावर कोणत्या बँका अंधारात जातील आणि कोणत्या वाचतील, याचा नकाशा तिच्याजवळ होता. स्वतंत्र तपासणी झाली, संसर्ग सी-एजच्या डेटा सेंटरपुरताच राहिला आहे आणि बँकांच्या स्वतःच्या व्यवस्थेत पसरलेला नाही, असे आढळले आणि दुसऱ्याच दिवशी, १ ऑगस्टला, जोडणी पूर्ववत करण्यात आली. ज्या ३०० बँका एक दिवस बंद होत्या, त्यांच्याकडे मात्र असा नकाशा नव्हता. आपल्या पुरवठादाराचा पुरवठादार कोण, हे विचारण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनी बँकांना दिला आहे. पण तालुक्याच्या ठिकाणची, चार-सहा शाखांची बँक, जिच्याकडे संगणक सांभाळायला एखाद-दुसरा कर्मचारी आहे, ती एवढ्या मोठ्या कंपनीला हा प्रश्न कोणत्या बळावर विचारणार? ते बळ बँकांच्या एखाद्या सामायिक यंत्रणेने उभे करावे लागेल. पतपुरवठ्यासाठी, साखरेसाठी, दुधासाठी एकत्र येण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. ज्या शहरात अशा साखळ्यांचा माग काढणारी माणसे आज बसली आहेत, ते येथून एका रात्रीच्या प्रवासावर आहे.